इंग्रजीशी गट्टी : शेवटची काडी



‘बोअर झालं!’ हे तुम्ही दिवसातून किती वेळा म्हणता? पाऊस थांबेना, बोअर. ताई पेन्सिल देईना, बोअर! पण बोअर म्हणजे नुसता कंटाळा. सहनशक्ती संपली, की इंग्रजीत निराळे शब्द लागतात.

पहिला ‘फेड अप’. फेड म्हणजे भरवलेला. गळ्याशी येईपर्यंत खाल्लं, की आवडीच्या श्रीखंडाचाही वीट येतो ना? तसंच हे. ‘आय अ‍ॅम फेड अप विथ धिस नॉइज’, म्हणजे या गोंगाटाला मी विटलो. इथे ‘विथ’ लावायचं हं, ‘फ्रॉम’ नाही.

दुसरा ‘अ‍ॅट द एंड ऑफ माय टेदर’. टेदर म्हणजे दावं. खुंट्याला बांधलेली गाय दावं पुरेल तेवढंच चरते. दावं ताणलं, की पुढे पाऊल पडत नाही. आपला जीव मेटाकुटीला येतो, तसंच. अमेरिकेत टेदरऐवजी ‘रोप’ म्हणतात.

तिसरा ‘द लास्ट स्ट्रॉ’, म्हणजे शेवटची काडी. लादलेल्या उंटावर आणखी एकच काडी ठेवली आणि त्याची पाठ मोडली! चार्ल्स डिकन्सच्या १८४८ साली पूर्ण झालेल्या ‘डॉम्बी अँड सन’ कादंबरीतही हा उंट भेटतो.

आता गंमत नाही, खरंच सांगते. मागच्या महिन्यात मी वर्गात एका मुलावर फार ओरडले. त्याचा गुन्हा काय, तर वही घरी राहिली. पण त्या दिवशी माझी बस चुकली होती, दोन वर्ग एकत्र बसवले होते, डोकं दुखत होतं. ओझं सगळं आधीचंच. त्याची वही फक्त शेवटची काडी. बिचारा रडवेला झाला. मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, “चुकलं रे माझं,” आणि उंटाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “बाई, मग आधीच्या काडीलाच बोलायचं ना!”

पटलं मला. त्यासाठीही इंग्रजीत वाक्य आहे : ‘आय अ‍ॅम लूझिंग माय पेशन्स.’ क्रियापदाला ‘इंग’ आहे, पाहिलंत? धीर सुटत चाललाय, पण अजून सुटलेला नाही!

या आठवड्यात भांडण होण्याआधी हे वाक्य म्हणून पाहा. मराठीत म्हटलंत तरी चालेल.

तुमच्या बाई