भामट्याला खेळवणारे शहाणे

संध्याकाळची खोपोली लोकल. पळसदरी मागे पडलं होतं. दाराजवळ पाच-सहा पोरं एका फोनवर वाकलेली. फोन ज्याच्या हातात होता तो विशीतला, सावरोलीच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामाला. टेलिग्रामवरची कुणी ‘लिंडा मॅडम’ त्याला क्रिप्टोत पैसे लावायला सांगत होती आणि हा तिला खेळवत होता. “मॅडम, थांबा जरा, माथेरानचा अर्धा डोंगर आमचा आहे, तो विकून टाकतो.” हशा. “मॅडम, डोंगराला गिऱ्हाईक नाही मिळालं, माकडं चालतील का?” आणखी हशा. मीही हसलो. खरं सांगायचं तर केळवली येईपर्यंत हसत होतो.

उतरायच्या आधी त्यानं हुकमाचा पत्ता काढला. कुठल्याशा हॉटेलांना पाच-पाच तारे देण्याच्या ‘टास्क’चे पैसे मॅडमनं त्याला तीनदा पाठवले होते. दोनशे, दोनशे आणि साडेआठशे. “काका, हे लोकांना लुटतात, मी यांना लुटलं!” लौजीला तो उतरला तेव्हा मागे राहिलेल्या पोरांच्या डोळ्यांत त्याच्याविषयी जो आदर होता, तो शाळेतल्या पहिल्या नंबराच्या वाट्याला आलेला मी पाहिलेला नाही.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी त्याची आई भेटली. पैसे आले होते ते खातं तिचं. पोराच्या फोनमधलं यूपीआय तिच्याच खात्याला जोडलेलं. दोन घरच्या धुण्याभांड्याचे पैसे आणि लाडकी बहीणचे दीड हजार त्यात यायचे. एक दिवस एटीएममधून पैसे निघेनात. बँकेत गेली तर सांगण्यात आलं, होल्ड लागलाय, परराज्यातल्या एका जिल्ह्याच्या सायबर पोलिसांचा. त्या जिल्ह्याचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. “मी काय केलं?” हा तिचा एकच प्रश्न, आणि तो ती बँकेपासून पोलीस ठाण्यापर्यंत प्रत्येक टेबलावर ठेवून आली होती.

तिनं काही केलं नव्हतं. पण भामटे स्वतःच्या खिशातून कुणाला दमडी देत नाहीत. ते साडेआठशे कुठल्यातरी दुसऱ्या गंडवलेल्या माणसाचे होते. अशा माणसानं १९३० या क्रमांकावर तक्रार केली की त्याचे पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, तिथून फुटून दहा खात्यांत कसे गेले याचा माग निघतो, आणि वाटेत जी जी खाती लागली त्यांच्यावर होल्ड येतो. त्या साखळीत भाड्यानं खाती देणारे दलाल असतात, आणि धुणीभांडी करणारी ही बाईही असते. यंत्रणेला दोघांतला फरक कागद दाखवल्याशिवाय कळत नाही, आणि कागद दाखवायला हिनं जायचं परराज्यात. पोरगा म्हणत होता, मी यांना लुटलं. प्रत्यक्षात त्यानं लुटीतला वाटा घेतला होता, तोही आईच्या नावावर.

तेव्हा भामट्यांशी खेळावं का, याचं उत्तर त्या बाईच्या पासबुकात आहे. बाकीचे धोके भरभर सांगतो. उत्तर दिलंत की तुमचा नंबर जिवंत आहे, माणूस बोलका आहे, अशी नोंद होते आणि अशा नंबरांच्या याद्या विकल्या जातात. गंमत म्हणून उघडलेल्या एखाद्या लिंकवरून उतरवून घेतलेलं ॲप फोनमधले ओटीपी वाचू शकतं. चेष्टेत पाठवलेला स्वतःचा फोटो उद्या कुठल्या नागड्या धडावर चिकटून नातेवाइकांकडे जाईल याचा नेम नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आम्ही त्यांचा वेळ खातो, तेवढ्या वेळात एखादं सावज वाचतं. ऐकायला बरा वाटतो. पण समोरचा एकाच वेळी अनेकांशी तीच ठरलेली वाक्यं चिकटवत बसलेला असतो. त्याचा मिनिटभर जातो, तुमची संध्याकाळ. परदेशात हेच काम धंदा म्हणून करणारे यूट्यूबवाले आहेत. किटबोगा नावाचा अमेरिकन वेगळा संगणक, बदललेला आवाज, खोटी ओळख अशा सगळ्या तयारीनिशी बसतो. आणि जिम ब्राउनिंग, ज्यानं भामट्यांच्या कॉल सेंटरांत शिरून त्यांच्याच कॅमेऱ्यांतली दृश्यं जगाला दाखवली, त्याला जुलै २०२१ मध्ये यूट्यूबचा माणूस असल्याचं भासवणाऱ्या एका भामट्यानं असं बोलण्यात गुंतवलं की त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं चॅनेल पुसून टाकलं. वस्ताद चीतपट झाला. आपण तर आखाड्यात आईचं खातं घेऊन उतरलेलो.

आणि ती लिंडा मॅडम कोण? कदाचित कोवळ्या आवाजाचा कुणी दाढीवाला असेल. कदाचित थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आहे म्हणून घरून निघालेला आणि म्यानमारच्या सरहद्दीवर कुंपणाआड पासपोर्ट काढून घेऊन बसवलेला आपल्यातलाच एखादा मुलगा असेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी डांबून या कामाला जुंपलेली असावीत. मार्च २०२५ मध्ये भारताच्या हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या सरहद्दीवरून ५४९ जणांना परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरनं ६० हून अधिक भारतीयांची सुटका केल्याचं जाहीर केलं. ठरलेलं टार्गेट भरलं नाही की मार, विजेचे झटके, असं सुटून आलेले सांगतात. तिथले सगळेच बिचारे आहेत असं मी म्हणत नाही, खुशीनं लुटणारेही तिथे पुष्कळ आहेत. पण कोण कुठला, हे लोकलच्या दारात उभं राहून कळत नाही.

इथपर्यंतचा दोष पोराचा. आता आपला.

आमच्या परिचयातले एक निवृत्त गृहस्थ. जमिनीचा एक पट्टा विकून आलेले पैसे त्यांनी कुणा ‘सरां’च्या व्हॉट्सॲप गटात राहून क्रिप्टोच्या ॲपमध्ये लावले. पडद्यावर आकडा रोज वाढत होता. काढायला गेले तर आधी ३० टक्के कर भरा असं सांगण्यात आलं. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून सरकार खरोखरच ३० टक्के कर घेतं, तेव्हा यांना ते पटलं. खऱ्या कायद्याची खोटी पावती त्यांनी भरली. मग कळायचं ते कळलं. कळल्यावर ते सतरा दिवस गप्प बसले. बायकोला नाही, मुलाला नाही, पोलिसांना नाही.

हे सतरा दिवस नीट समजून घ्या. भामट्यांच्या हाती पैसा लागतो तेव्हा तो आधी इथल्याच बँकांच्या खात्यांत असतो, आणि लगेच तक्रार झाली तर तो तिथे अडवता येतो. त्या खात्यांतून यूएसडीटी हे क्रिप्टो चलन विकत घेऊन ते देशाबाहेरच्या वॉलेटमध्ये गेलं की हात टेकावे लागतात. म्हणजे खेळ काही तासांचा. मी त्यांना विचारलं, त्याच दिवशी का नाही बोललात? म्हणाले, “चौकच्या नाक्यावर चहाला जायचं असतं हो मला.”

त्यांना पोलिसांची भीती नव्हती, भामट्याचीही नव्हती. भीती होती आपली. ‘एवढे शिकले-सवरलेले आणि गंडले’, ‘हाव नडली’, ‘पेन्शनीत भागत नव्हतं काय’ ही आपली ठेवणीतली वाक्यं त्यांनी दुसऱ्यांविषयी ऐकलेली होती, काही स्वतः म्हटलेलीही होती. ते सतरा दिवस भामट्याला आपण दिले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा याच खालापूर तालुक्यातली माणसं काळोखात, पावसात, चिखलातून डोंगर चढून गेली. तिथे कुणी विचारलं नाही की डोंगराखाली घर बांधलंत कशाला. मातीखाली गेलेल्याला हात देणारा समाज फोनमध्ये बुडालेल्याला टाळी देऊन हसतो, हे मला समजत नाही.

पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले, पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला. दोन्ही आपल्या रायगडातल्या. त्या ठेवीदारांचे हाल झाले, पण त्यांना निदान बँकेची इमारत होती, संचालकांची नावं होती, मोर्चा कुठे न्यायचा हे ठाऊक होतं. क्रिप्टोत गंडलेल्याला ठोठावायला दारच नाही. त्याला उरतो तो शेजार, आणि शेजार हसतोय.

बरं, हसणारे तरी लोभापासून मुक्त आहेत काय? गेनबिटकॉइन ही बिटकॉइनमधल्या गुंतवणुकीची योजना आठवा. दरमहा १० टक्के, १८ महिने, अशी बोली होती. पुण्यात गुन्हे दाखल झाले, सूत्रधार अमित भारद्वाजला २०१८ मध्ये अटक झाली, २०२२ मध्ये तो मेलाही. त्याच तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेले दोन सायबर तज्ज्ञ, त्यातला एक माजी आयपीएस, यांनीच आरोपींची बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांना त्यांनाच अटक करावी लागली. राखणदाराची ही कथा. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिनं लावतात, तशी या योजनांना मागून रेटणारी इंजिनं आपल्याच घरातली असतात. साडू, मेहुणा, बचत गटातली ताई. आपला एक हप्ता सुटला की ती दहा जणांना ढकलतात. आणि महिना पाच हजारांसाठी स्वतःचं खातं, सिम, एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला देणारा पोरगा आपल्याला ‘हुशार’ वाटतो. त्याच्या नव्या बाइकची पूजा होते, पैसा कुठून आला हे विचारायला कुणी पुढे येत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयानं लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशाचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. एवढा पैसा वाहून न्यायला खाती लागतात, आणि ती खाती म्यानमारमध्ये उघडत नाहीत.

याच कर्जत तालुक्यात माथेरानच्या भाई कोतवालांनी सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. वाचता येत नसताना अंगठा उठवलास कशाला, म्हणून ते शेतकऱ्याला हसत बसले असते तर एकही कोठी उभी राहिली नसती. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले, आणि दर वर्षी आपण हार घालतो, भाषणं करतो, जेवून घरी येतो.

येत्या २ जानेवारीला हार घालून झाले की पाच मिनिटं माइक एखाद्या फसलेल्या माणसाच्या हाती द्या. कसं फसलो, किती गेले, कुणाला सांगायला किती दिवस लावले, एवढंच त्याला बोलू द्या. समोरच्यांनी हसायचं नाही, ही एकच अट. १९३० हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, रेशन दुकानात आणि खोपोली लोकलच्या डब्यात लिहा. आणि पोरांना सांगा, अशा मॅडमना उत्तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा, तक्रार नोंदवा, आणि गप्पांना माणसं हवी असतील तर डब्यात पुष्कळ आहेत.

त्या बाईचं खातं मी हे लिहितोय तोवर सुटलेलं नाही. कागदांची पिशवी काखेत धरून ती सकाळच्या गाडीनं कर्जतला येते. भेटली तर तिला बसायला जागा द्या, आणि तिच्या पोराच्या शहाणपणाची गोष्ट डब्यात रंगवून सांगू नका.