पन्नास तबकड्या आणि एक महागडे यंत्र

ध्वनिमुद्रिकांना पुन्हा मागणी आली आणि त्यांच्या मागोमाग त्या वाजविणारी नवी यंत्रेही बाजारात आली. त्यांच्या किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत आहेत. ज्याच्या कपाटात जेमतेम पन्नास तबकड्या आहेत, त्याने लाखाचे यंत्र घ्यावे काय, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो. परंतु माणसाची गरज माणसाने ठरवावयाची की विक्रेत्याने, हा त्यामागचा प्रश्न चैनीचा नाही.

विक्रेत्यांचा युक्तिवाद जुनाच आहे. स्कॉटलंडमधील लिन या कंपनीने १९७० नंतरच्या दशकात तो रूढ केला. तबकडीवरून जे उचललेच गेले नाही, ते पुढचा कोणताही ध्वनिवर्धक परत आणू शकत नाही. म्हणून पैसा प्रथम यंत्रात घालावा, असा तो सिद्धांत. तो खरा आहे, पण अर्धाच. जी तबकडी पूर्वीच जड सुईखाली झिजली, तिच्या खाचेतून गेलेला सूर लाखाचे यंत्रही परत आणीत नाही.

उलट, सर्वांत स्वस्त ते काटकसरीचे, हेही खरे नव्हे. पेटीवजा स्वस्त यंत्रांची सुई पुष्कळदा पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या चुंबकीय सुईला सुमारे दोन ग्रॅम पुरतात. गतीचे महत्त्वही कमी नाही. तबकडी किंचित जरी मागेपुढे फिरली, तरी तंबोऱ्याचा षड्ज डळमळतो आणि रागदारीच्या श्रोत्याला ते तात्काळ कळते. स्थिर गती, मोटारीची घरघर नसणे आणि सुईचा बेताचा भार, एवढे मिळेपर्यंतचा खर्च न्याय्य आहे. मध्यम किमतीच्या चांगल्या यंत्रात हे मिळते. त्यापुढे किंमत झपाट्याने वाढते, ऐकू येणारा फरक मात्र थोडाथोडाच वाढतो.

हिशेब साधा आहे. चाळीस मिनिटांच्या पन्नास तबकड्या म्हणजे सुमारे तेहतीस तासांचे संगीत. एक हिऱ्याची सुई पाचशे तास चालली, तरी सारा संग्रह पंधरा वेळा ऐकून होतो. संग्रह लहान आहे एवढ्यावरून निकाल देता येत नाही. तो रोज ऐकला जातो की दिवाणखान्यात मिरविला जातो, हे पाहिले पाहिजे. आणि संग्रहात बालगंधर्वांच्या काळातील लाखेच्या तबकड्या असतील, तर प्रश्न आणखी बदलतो. त्यांना मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती आणि रुंद टोकाची सुई लागते. कित्येक महागड्या यंत्रांत ती गतीच नसते. तेथे लाख रुपये देऊनही तबकडी मुकीच राहते.

तेव्हा मध्यम यंत्र, योग्य सुई आणि तबकड्या पुसावयाचा मऊ ब्रश, एवढे पुरे. उरलेल्या पैशांत तबकड्या घ्याव्यात. ज्यांना उत्तम यंत्राचा ध्यास आहे, त्यांनी ते गावातील सार्वजनिक ग्रंथालयासाठी वर्गणी काढून घ्यावे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी मिळून ऐकावे. पन्नास घरांत झाकून ठेवलेल्या पन्नास यंत्रांपेक्षा एका सभागृहात रोज फिरणारे एक यंत्र संगीताची अधिक सेवा करील.