बाळहिरडा : बी धरण्यापूर्वीचे फळ

मागील अंकात आपण आवळ्याचा परिचय करून घेतला. त्रिफळ्यातील दुसरे फळ हिरडा. याविषयी लिहिताना लेखणी किंचित अडखळते, कारण या फळावर आमच्या घराची एक पिढी पोसली गेली आहे. नगरच्या आडते बाजारात वडिलांचे किराणा आणि काष्ठौषधींचे दुकान होते. वैशाख सरत आला की अकोले तालुक्यातून बाळहिरड्याची पोती येऊ लागत आणि दुकानभर तो तुरट, कोरडा वास पसरे. सातआठ वर्षांचा असताना मी त्यातली मूठभर फळे उचलून डब्यातल्या मातीत पुरली आणि पावसाळाभर पाणी घातले. काहीच उगवले नाही. वडील हसून म्हणाले, “अरे, ते बाळ आहे. त्याला बी कुठले?”

त्या उत्तराचा पूर्ण अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

व्यापारात हिरड्याचे बाळहिरडा, रंगारी आणि सुरवारी असे प्रकार मानतात. नव्या पिढीतील अनेकांना या तीन वेगवेगळ्या वनस्पती वाटतात. वस्तुतः झाड एकच आणि फळही एकच. भेद आहे तो वयाचा. आतली आठळी कठीण होण्यापूर्वी हाती आलेले फळ वाळून काळे, सुरकुतलेले होते, तो बाळहिरडा. पुरता पिकलेला, पिवळसर, मोठा आणि वजनदार तो सुरवारी. या दोहोंच्या मधला रंगारी. त्याच्या सालीत टॅनिन विपुल असते, म्हणून रंगकामात आणि कातडी कमावण्यात त्याचा उपयोग होई. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जाई, तो मुख्यतः चर्मोद्योगासाठी. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या आपल्या पेढ्यांनी त्या व्यापाराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

औषध म्हणून हिरड्याचा मान फार मोठा. आयुर्वेदाने त्यात लवण वगळून पाचही रस मानले. भावप्रकाशात विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवंती आणि चेतकी असे त्याचे सात भेद दिले आहेत. प्रत्येक ऋतूत तो कशासह घ्यावा हेही ठरलेले आहे : वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. यातला मध आपल्याला वर्ज्य. तेव्हा वसंत ऋतूपुरते वैद्यांना विचारूनच ठरवावे.

याच ग्रंथात एक निषेध आहे आणि तो आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. गर्भवतीने, अशक्त व कृश व्यक्तीने आणि लंघनाने क्षीण झालेल्याने हिरडा घेऊ नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पर्युषणात अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ तप केल्यावर पोट साफ व्हावे म्हणून पारण्यालाच हिरड्याचे चूर्ण घेणारी माणसे मी पाहिली आहेत. हेतू चांगला, वेळ चुकीची. तसेच बाळगुटीचे. सहाणेवर उगाळलेल्या बाळहिरड्याचा वेढा आपल्या आजींच्या हातून प्रत्येकाच्या पोटात गेला असेल. परंतु पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते आणि ते ऐकावे.

आता बीजाकडे वळू. भगवतीसूत्राच्या सहाव्या शतकात गौतमस्वामींनी भगवंतांना विचारलेला एक प्रश्न आहे. कोठारात भरून, तोंड लिंपून नीट जपलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती काळ टिकते? उत्तरात धान्याधान्यांचा भेद केला आहे : साळ, गहू, जव यांची अधिकात अधिक तीन वर्षे, मसूर, तीळ, मूग, उडीद, कुळीथ इत्यादींची पाच वर्षे, जवस, करडई, कोद्रव, मोहरी इत्यादींची सात वर्षे. त्यानंतर बीज हे बीज राहत नाही. धान्याचा व्यापार करणाऱ्या समाजाने हे प्रकरण आवर्जून वाचावे. बाहेरून दाणा तसाच दिसतो, आतले सामर्थ्य मात्र गेलेले असते, ही गोष्ट तेथे किती नेमकेपणाने मांडली आहे!

हिरड्याचे बी या मानाने अल्पायुषी. त्याची उगवणक्षमता साधारण वर्षभर टिकते. शिवाय ते एका अतिशय कठीण आठळीत बंद असते. पाणी सहजी आत शिरत नाही आणि शिरले तरी कोंबाला ते कवच फोडणे जड जाते. म्हणून पेरलेल्यापैकी थोडीच बिये रुजतात, तीही रेंगाळत. रोपवाटिकेत यावर उपाय करतात. हिवाळ्यात पिकून पडलेली फळे वेचून गर काढायचा, आठळी वाळवायची, तिचे रुंद टोक आतल्या अंकुराला धक्का न लावता किंचित छाटायचे आणि मग 36 तास थंड पाण्यात भिजवून पेरायचे. एवढे केले तर रुजण्याचे प्रमाण पुष्कळ सुधारते.

पण यासाठी फळ पिकून पडले पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोवळी फळे झोडून उतरवली की त्या झाडाखाली मार्गशीर्षात वेचायला काय उरणार? बाळहिरड्याला भाव अधिक, म्हणून तो आधी उतरतो. हरिश्चंद्रगड-भंडारदऱ्याच्या परिसरातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना दोष देण्यात अर्थ नाही. खरिपाचे बियाणे, घरचा दाणागोटा, पावसापूर्वी शाकारायचे छप्पर, हे सारे खर्च नेमके त्याच दिवसांत उभे राहतात. हिरड्याचा पैसा तेव्हाच हवा असतो. कोवळे फळ मागतो तो बाजार. आणि बाजार म्हणजे आपण.

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात आणि भाज्यांची देशी वाणे जपून बियाण्यांची बँक उभारली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण वालाचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवता येते आणि पुढच्या पावसात पेरता येते. हिरडा असा मडक्यात जपता येत नाही. त्याची साठवण म्हणजे डोंगरात उभे असलेले झाड आणि त्याखाली वाढणारे रोप. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने शेजारच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याचे मोठे नुकसान केले, ती बातमी वाचताना मला आमच्या दुकानातली ती पोती आठवली. आम्ही इतकी वर्षे जे तोलून विकले, त्यातले एकही फळ झाड होऊ शकणारे नव्हते.

गेल्या वर्षी राजूरच्या बाजारात हिरडा विकायला आलेल्या एका वृद्ध बाईंना मी सहज म्हटले, “मावशी, दहा झाडांतले एखादे न झोडता ठेवले तर?” त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ठेवीन की शेठ. झाड राखायला काय जातंय? पण पिकल्यावर तुम्ही घेणार का? तेव्हा तर कोणी इचारीत बी नाही.”

माझ्यापाशी लगेच उत्तर नव्हते. पिकलेल्या हिरड्याचा भाव इतका कमी की वेचणावळही सुटत नाही, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. घरी येऊन धाकट्या भावाशी बोललो. आता दुकान तो पाहतो. त्रिफळा चूर्णाला सुरवारी हिरडाच उत्तम, हे वैद्य सांगतात आणि आम्हीही गिऱ्हाइकाला तसेच सांगत आलो आहोत. मग चूर्णासाठीचा माल त्या डोंगरातूनच, वेचणाऱ्याला परवडेल अशा दराने का घेऊ नये? मार्गशीर्षात मी दोन पोती आणली. भावाने हिशेब मांडला, तेव्हा नफा जवळजवळ नव्हता. तरी यंदा चार सांगितली आहेत. गर काढल्यावर उरलेल्या आठळ्या आम्ही टाकल्या नाहीत. एका गोणीत भरून त्या मावशींच्या गावी परत पाठवल्या. टोक कसे छाटायचे ते सोबत गेलेल्या मुलाला दाखवून ठेवले होते.

पुढील अंकात त्रिफळ्यातील तिसरे फळ, बेहडा.