वेदना नसणे हेच सुख

'खा, प्या, मजा करा' हा विचार एपिक्युरसच्या नावावर खपवला जातो. अथेन्समधील आपल्या बागेत शिकवणारा हा ग्रीक तत्त्वज्ञ स्वतः भाकरी-पाण्यावर समाधानी असे. सुख हेच जीवनाचे ध्येय, असे तो मानी. पण शरीराला वेदना आणि मनाला धास्ती नसणे, ही त्याची सुखाची व्याख्या. मूतखड्याने लघवी अडून, १४ दिवस कळा सोसून इ.स.पू. २७० च्या सुमारास तो गेला. मित्रांसोबतच्या गप्पांची आठवण त्या वेदनांना पुरून उरते, असे त्याने अखेरच्या पत्रात लिहिले.

त्याचे धैर्य थोर. पण त्याच्याकडे मॉर्फिन नव्हते. आज कर्करोगाच्या रुग्णाला नुसते 'सहन करा' सांगणे हा उपचार नव्हे. वेदनाशमन आधी, उशाशी बसून बोलणारे माणूसही तितकेच हवे.