मधल्या फळीतला माणूस

फुटबॉलचा सामना पाहून आलेला माणूस घरी काय सांगतो? गोल कोणी मारला ते सांगतो. फार तर गोलरक्षक कसा आडवा झेपावला ते सांगतो. मधल्या फळीतल्या गड्याने नव्वद मिनिटे काय केले, हे कोणी कोणाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मागच्याकडून चेंडू घ्यावा, पुढच्याच्या पायाशी नेऊन द्यावा, आणि त्याने तो घालवला की पुन्हा मागे धावत यावे, असा त्या बिचाऱ्याचा व्यवसाय! पुष्कळ घरांत हेच काम घरची बाई करते, आणि तिचीही दखल इतकीच घेतली जाते. (हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांनी ते ठेवायला सांगितले आहे.)

या सदरात मी आजवर दूधवाल्यापासून दहावीच्या निकालापर्यंत बहुतेक विषयांना हात घातला, पण फुटबॉल राहून गेला. आपल्या घरांतून क्रिकेटला देव्हाऱ्यात जागा आहे, कॅरमला माळ्यावर आहे. फुटबॉल म्हणजे पावसाळ्यात कपडे चिखलाने भरवून आणण्याचा उद्योग, एवढीच त्याची ओळख. तरी यंदाच्या दिवाळीला मी खालिद जमील या गृहस्थांची गोष्ट सांगणार आहे. ती मला मुळापासून जुळवून पाहावी लागली ती आमच्या मानखुर्दच्या इमारतीतल्या एका घरगुती पेचामुळे. तो पेच पुढे येईलच. आधी गोष्ट.

जमीलचा जन्म १९७७ सालचा, कुवेतमधला. घर पंजाबी. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळला आणि तिथल्या भारतीयांना चंबूगबाळे आवरून मायदेशाची वाट धरावी लागली. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून दीड लाखावर माणसे आणली, ते पुष्कळ वाचकांना आठवत असेल. त्या उलथापालथीत हे कुटुंबही भारतात आले, आणि मुलगा मुंबईच्या फुटबॉलमध्ये शिरला. कुवेतमध्ये असताना एका शिबिरात त्याला फ्रान्सचा मिशेल प्लातिनी भेटला होता. प्लातिनी म्हणजे मधल्या फळीचा राजा! मुलाने त्याला मनोमन गुरू केले आणि स्वतःही मधल्या फळीतच उभा राहिला.

मुंबईला हा खेळ नवा नव्हे, बरे का. रोव्हर्स चषकाची स्पर्धा इथे १८९१ साली सुरू झाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्याच मैदानांवर खेळणारा, आणि त्या वर्षी भारत चौथा आला होता. त्या काळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपल्याकडे फुटबॉल जगला तो कंपन्यांच्या आणि कचेऱ्यांच्या आश्रयाने. सकाळी सराव, दुपारी हजेरीपटावर सही, संध्याकाळी सामना, अशी ती जुनी रीत. जमील १९९७ साली महिंद्रच्या संघात आला, पुढच्या वर्षी एअर इंडियात गेला, २००२ साली पुन्हा महिंद्रकडे परतला. मधल्या काळात भारताची जर्सीही त्याच्या अंगावर चढली.

याच काळात त्याला कलकत्त्याहून बोलावणे आले. ईस्ट बंगालचे आणि मोहन बागानचेही. फुटबॉलवाल्याला कलकत्त्याचे बोलावणे म्हणजे आपल्याकडे गवयाला सवाई गंधर्व महोत्सवाचे! पण दोन्ही क्लबांच्या नावामागे तेव्हा मद्याच्या व्यापाराचा पैसा उभा होता. जमीलने दोघांनाही नकार दिला. छातीवर दारूचे नाव घालून खेळायचे नाही, बस्स. यावर त्याने व्याख्याने दिली नाहीत की वर्तमानपत्रांतून तत्त्वाचा डांगोरा पिटला नाही. मला त्याच्या खेळाच्या आधी हीच गोष्ट आवडली, हे लपवत नाही.

महिंद्र संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा जमील त्या संघात होता. २००७ साली मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला, त्यात तो गेला. पण दुखापतींनी असे जखडले की त्या क्लबाकडून एकही अधिकृत सामना खेळता आला नाही. २००९ साली खेळ थांबला. वय वर्षे बत्तीस. या वयात आपल्याकडची मुले नोकरीत जेमतेम स्थिरावलेली असतात, घराच्या कर्जाचा पहिला हप्ता भरत असतात. खेळाडू मात्र त्याच वयात निवृत्त होतो आणि त्याच्या हाती निवृत्तिवेतन नसते.

ज्या क्लबासाठी एक सामना खेळता आला नाही, त्याच क्लबाने जमीलला प्रशिक्षक नेमले. आता इथून पुढे व्याकरण बदलले पाहिजे. आपण मराठी माणसे खेळाडूला 'तो' म्हणतो, हक्काने. आणि तोच शिकवू लागला की 'ते' म्हणतो. तेव्हा यापुढे जमील 'ते'.

मुंबई एफसी हा क्लब म्हणजे तुटपुंज्या पगाराचे घर होते. नावाजलेले खेळाडू परवडत नव्हते. कूपरेजचे मैदान दुरुस्तीला निघाले, तेव्हा काही वर्षे 'घरचे' सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. घर दीडशे किलोमीटरवर गेले, तर तिथे आपल्या बाजूने ओरडायला येणार कोण? अशा स्थितीत जमील यांनी सात हंगाम संसार चालवला. संघ कधी विजेतेपदाच्या जवळपास फिरकला नाही, आणि कधी खालच्या श्रेणीतही घसरला नाही. दुसऱ्यांनी टाकलेले गडी गोळा करायचे, मागची बाजू आधी घट्ट बांधायची, समोरच्याला जागा द्यायची नाही, आणि संधी मिळाली की दोन-तीन पासांत पुढे निसटायचे. पाहणाऱ्याला यात मौज थोडी. टीकाकार त्यांच्या खेळाला रुक्ष म्हणतात, आणि मी जे काही सामने पाहिले त्यांवरून ते खोटे म्हणता येणार नाही. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला घरात श्रीखंड का नाही, असे विचारणाराही एकदा पिशवी घेऊन बाजारात जाऊन यावा.

२०१६ साली मुंबईशी नाते सुटले आणि ते थेट मिझोरामला, आयझॉलला पोहोचले. आयझॉलचा क्लब आधल्या हंगामात शेवटून दुसरा येऊन खाली गेलेला. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून जागा रिकामी झाली आणि याला परत बोलावले, इतकेच. जमील यांनी मुंबईचे आपले जुने गडी बरोबर नेले. त्यांत आपला जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. बाकी बरीचशी मिझो पोरे आणि चार परदेशी. उपान्त्य सामन्यात त्यांनी खुद्द मोहन बागानला १-० ने हरवले. शेवटचा सामना ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला. बरोबरी झाली तरी अजिंक्यपद, हरले तर सगळे पाण्यात. शिलाँग लाजाँगने पहिला गोल मारला. दुसऱ्या अर्धात लालनुनफेलाने तो फेडला, आणि १-१ वर शिटी वाजली! मोहन बागान एका गुणाने मागे राहिले. ईशान्येकडच्या क्लबाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

आणि त्याच हंगामात, त्याच लीगमध्ये, तळाला कोण होते? मुंबई एफसी. घर सांभाळणारा माणूस गेला आणि वर्षभरात घर बसले. पुढे तो क्लबच मोडला.

यानंतरचा प्रवास भराभर सांगतो. ज्या दोन क्लबांना खेळाडू म्हणून नकार दिला होता, त्या दोघांनीही पुढे त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले. ईस्ट बंगालमध्ये ते २०१७ साली गेले, मोहन बागानमध्ये २०१९ साली. लीग दोन्हीकडे हाती लागली नाही. मग गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडचे परदेशी प्रशिक्षक २०२१ च्या जानेवारीत, ऐन हंगामात गेले आणि संघ यांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. इंडियन सुपर लीग २०१४ पासून चालू होती. तीत पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला तो २०२१ च्या ऑक्टोबरात, जमील यांच्या रूपाने. तोवर साहाय्यक म्हणा, हंगामी म्हणा, असेच देशी माणसांचे नशीब. सात वर्षे लागली हो! २०२३ च्या अखेरीस जमशेदपूरने बोलावले. पुढच्या पूर्ण हंगामात तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला, आणि २०२५ च्या सुपर कपात अंतिम सामन्यापर्यंत.

१ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांना भारताच्या संघाचे प्रशिक्षक नेमले. त्यांच्याआधी या जागेवर पूर्णवेळ बसलेला भारतीय म्हणजे गोव्याचे सावियो मेदेरा, २०१२ पर्यंत. तेही मधल्या फळीचेच! मधली तेरा वर्षे हॉलंड, इंग्लंड, क्रोएशिया, स्पेन इथून माणसे आली आणि गेली. परदेशी गुरू नको असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण देशी माणसाची आठवण नेमकी डबा रिकामा झाल्यावरच का होते? २०२७ च्या आशिया चषकाची पात्रता फेरी जमील येण्याआधीच सुरू झाली होती आणि पहिल्या दोन सामन्यांत भारताला एकच गुण होता. त्यात देशातली मुख्य लीग त्या हंगामात वेळेवर सुरूच झाली नाही. त्यांनी मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्याच्या घरी हरवले, ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक आणला. लोकांनी पेढे वाटले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने २-१ ने हरवले आणि आशिया चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडूनही एका गोलाने हार. पेढे वाटणारे हात लगेच दगड शोधू लागले.

आता तो घरगुती पेच. आमचे मानखुर्द म्हणजे हार्बर मार्गावर खाडीपुलाच्या अलीकडचे मुंबईतले शेवटचे स्टेशन. १९९२ साली गाडी वाशीला जाऊ लागली, तोवर ती इथेच थांबायची. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा लहानपणापासून पहाटेच्या लोकलने फुटबॉलसाठी जाई. पाठीवरच्या पिशवीत ओले बूट, आणि त्यांच्या वासाने चेंबूरपर्यंत शेजारची जागा हमखास रिकामी! मधल्या फळीत खेळायचा. चोविसाव्या वर्षी गुडघ्याचे लिगामेंट गेले. बरा झाला, पण पूर्वीची धाव राहिली नाही. आता त्याला प्रशिक्षकाचे पहिल्या पायरीचे लायसन्स काढायचे आहे आणि मुलांना शिकवायचे आहे. वडिलांनी एका ठिकाणी क्रेडिट कार्डे विकण्याच्या नोकरीसाठी शब्द टाकून ठेवला होता. ते मला म्हणाले, "अण्णा, तुमचं तो ऐकतो. चार शब्द सांगा त्याला. खेळून काय मिळालं ते पाहिलं, आता शिकवून काय मिळणार?"

मी बापलेकांना बसवून वरची सगळी गोष्ट सांगितली. वडील हिशेबाचे पक्के. बोटे मोडीत म्हणाले, "म्हणजे बघा. महिंद्रने संघ २०१० साली बंद केला. एअर इंडियाला २०१३ साली लीगमधून काढलं. मुंबई एफसी तर तुम्हीच सांगितलंत. ज्या तीन संघांतून तुमचे जमील खेळले, त्यांतला एक तरी आज त्या जागी उभा आहे का? अण्णा, तुम्ही माझ्याच बाजूची साक्ष काढलीत!"

मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता, आणि मी खोडलाही नाही. एका जमीलमागे शेकडो प्रशिक्षक शाळांच्या मैदानांवर तासाच्या हिशेबाने शिकवतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांचा पगार थांबतो, हेही मी मुलाला ऐकवले. तो खाली मान घालून ऐकत होता. मग एवढेच म्हणाला, "पप्पा, जयेश राणे मुंबईचाच ना? त्याला आयझॉलला नेलं कोणी?"

वडील काही बोलले नाहीत. आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा मुलगा दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणताना लाजतो. हा कोणाच्या गळ्यात कार्ड मारणार?"

त्यावर सगळे हसले, मुलगाही हसला. बराच वेळ चहा झाल्यावर वडिलांनी त्या लायसन्सची फी किती ते विचारले; मग चष्मा पुसत, ती राहण्याजेवणासकट की त्याचे पैसे वेगळे, हेही विचारले.