सोडवू नका, फक्त सांगा!

ऑफिस सुटल्यावर जीमॅटचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही विचारा, डोकं सगळ्यात जास्त कुठे फिरतं? बऱ्याच जणांचं उत्तर एकच: डेटा सफिशियन्सी! गंमत म्हणजे इथे गणित सोडवायचंच नसतं. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं. एवढ्या माहितीवर उत्तर निघेल की नाही, इतकंच तुम्ही सांगायचं. पर्यायही दर वेळी तेच पाच. ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरे, बी म्हणजे दुसरं एकटं पुरे, सी म्हणजे दोन्ही मिळून पुरे, डी म्हणजे कुठलंही एक पुरे आणि ई म्हणजे दोन्ही मिळूनही बोंब!

सोपं वाटतंय ना? मग हे बघा. कॅन्टीनमध्ये चहा 15 रुपये, सँडविच 37 रुपये. तुमच्या टीमने फक्त हेच दोन मागवले. चहा किती? विधान एक: बिल 134 रुपये झालं. विधान दोन: चहा आणि सँडविच मिळून सहा नग.

शाळेत बाईंनी डोक्यात घट्ट बसवलंय, दोन अज्ञातं म्हणजे दोन समीकरणं हवीत. त्यामुळे हात आपोआप सीकडे जातो आणि तिथेच विकेट पडते! अर्धा चहा कुणी मागवत नाही (कटिंगवाल्यांनी माफ करावं). 134 मधून एकेक सँडविच वजा करत जा. उरतात 134, 97, 60 आणि 23. यात 15 ने भाग जातो तो फक्त 60 ला. म्हणजे सँडविच दोन, चहा चार. दुसरं विधान एकटं काहीच ठरवत नाही. उत्तर ए.

आता उलटा गेम. कॉफी केवढ्याला? विधान एक: 2 कॉफी आणि 3 समोशांचे 135 रुपये. विधान दोन: 4 कॉफी आणि 6 समोशांचे 270 रुपये. समीकरणं दोन दिसतात, पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. नवीन माहिती शून्य! उत्तर ई. थोडक्यात, समीकरणं मोजू नका, त्यातून नवीन काय कळलं ते बघा.

नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं आणि हे प्रश्न क्वांटमधून डेटा इनसाइट्स विभागात गेले. तिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न, म्हणजे प्रत्येकी सव्वादोन मिनिटं. कॅल्क्युलेटर मिळतो, पण 'पुरे की नाही' हे तो सांगत नाही! त्यामुळे सवय एकच लावा. पहिलं विधान वाचताना दुसरं जगातच नाही असं समजा. पहिलं पुरलं तर उत्तर ए किंवा डी. नाही पुरलं तर बी, सी किंवा ई. मग पहिलं पूर्ण विसरून दुसरं तपासा. दोन्ही एकत्र करायची वेळ अगदी शेवटी.

अजून एक सापळा 'हो की नाही'वाल्या प्रश्नांचा. इथे ठाम 'नाही' म्हणजेही पुरेशी माहिती! समजा, नव्या नोकरीत दरमहा 80 हजार हातात पडतील का, हा प्रश्न आहे. पूर्ण पॅकेजच वर्षाला 9 लाख असेल, तर महिन्याचे 75 हजारच होतात, तेही टॅक्स कापायच्या आधी. नक्की आकडा माहीत नाही, तरी उत्तर पक्कं: नाही. पॅकेज 12 लाख असेल तर? महिन्याला एक लाख म्हणून लगेच पार्टी देऊ नका. त्यात व्हेरिएबल किती, पीएफ किती, हे कुठे कळलंय? माहिती अपुरी. होकार कळवण्याआधी एचआरकडून सॅलरी ब्रेकअप मागून घ्या, बॉस!