बत्तीच्या उजेडातली शाळा

गुरुजींनी आम्हाला जगाच्या नकाशावर निकाराग्वा देश दाखवला. उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यात हा देश आहे. राजधानी मानाग्वा. भाषा स्पॅनिश. तिथे मका, घेवडा आणि कॉफी पिकते. लोक मक्याची भाकरी खातात.

१९७९ साली तिथल्या लोकांनी जुलमी राजवट उलथून टाकली. नव्या सरकारने मोजणी केली, तर शंभरातल्या पन्नास माणसांना लिहायला-वाचायला येत नव्हते. खेड्यात तर त्याहून जास्त. एवढे शिक्षक आणायचे कुठून? मग सरकारने मुलांनाच हाक मारली.

१९८० साली मार्चपासून ऑगस्टपर्यंत पाच महिने हायस्कूल-कॉलेज बंद ठेवले. सुमारे साठ हजार मुलेमुली खेड्यांत गेली. त्यांतली काही आमच्यापेक्षा थोडीच मोठी होती. प्रत्येकाजवळ टांगून झोपायची झोळी, मच्छरदाणी, पुस्तक आणि बत्ती. ती शेतकऱ्यांच्या घरी राहिली. दिवसा शेतात काम करायचे आणि रात्री बत्ती लावून घरच्यांना शिकवायचे. पाच महिन्यांत चार लाखांहून जास्त माणसे लिहायला-वाचायला शिकली. मग शंभरात तेराच निरक्षर उरले. युनेस्कोने त्याच वर्षी बक्षीस दिले. पण हे काम सोपे नव्हते. काही मुले घरी परत आलीच नाहीत. काहींना शत्रूंनी मारले, काही अपघातात गेली.

कोणी म्हणेल, मुलांचा अभ्यास बुडाला. मला तसे वाटत नाही. शहरातल्या मुलांना शेतातले काम येत नव्हते, ते शेतकऱ्यांनी शिकवले. म्हणजे रात्री मुले गुरुजी आणि दिवसा शेतकरी गुरुजी. यात कोणाचा मान कमी झाला?

आणखी एक गोष्ट मला आवडली. समुद्रकाठच्या काही लोकांची भाषा स्पॅनिश नाही, मिस्किटो आहे. त्यांना नंतर त्यांच्याच भाषेत शिकवले. घरच्या भाषेत लवकर समजते, हे आपल्यालाही माहीत आहे.

पण पुढे त्या देशात लढाई पेटली. पुष्कळांचा सराव सुटला आणि काही माणसे वाचायला विसरली. म्हणून माझे मत असे की पाच महिने शिकवून थांबू नये. पाढे रोज म्हटले तरच पाठ राहतात, तसेच अक्षरांचे आहे.

हे सगळे मी का लिहिले ते सांगते. माझी आजी बँकेत अंगठा देते. मी तिला म्हटले, आजी, मी तुला सही शिकवते. ती म्हणाली, "गप बस. नातीकडून शिकू व्हय? लोक हसतील." मला फार वाईट वाटले. निकाराग्वातल्या आज्यांनाही आधी लाज वाटली असेल. तरी त्या बत्तीजवळ येऊन बसल्याच की!

पालकांनो, तुमच्या घरी कोणाला वाचता येत नसेल, तर त्यांना हे वाचून दाखवा. आणि आमच्याकडून शिकायला लाजू नका.

माझी आजी शनिवारी भित्तिपत्रक बघायला येणार आहे. या वेळी मी तिला वाचून दाखवीन. पुढच्या वेळी तिने स्वतः वाचावे. तिने मला भाकरी थापायला शिकवली तेव्हा माझी पहिली भाकरी फाटली होती. आजी हसली नाही. तिचे पहिले अक्षर वाकडे आले तर मीही हसणार नाही.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी